दोन मोटारी, डीपी एकच: अणुवीज केंद्रातला आगीचा आढावा

नांदेडच्या एका तरुण फायर इंजिनिअरचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "सहा वर्षं परळीच्या औष्णिक केंद्रात काढली, आता एका सल्लागार कंपनीत आहे. पुढच्या महिन्यात 220 मेगावॅटच्या एका अणुवीज केंद्रात आगप्रतिबंधक व्यवस्थेचा आढावा घ्यायला जाणाऱ्या टीममध्ये माझं नाव आहे. पाच दिवस मिळणार. परळीत वापरत होतो ती चेकलिस्ट चालेल का? तिथं वेगळं काय बघायचं? आणि घरचे किरणोत्सर्गाच्या नावानं घाबरायलेत, त्यांना काय सांगू?"

घरच्यांचं आधी उरकतो. 220 मेगावॅटच्या आपल्या भट्ट्या जड पाण्याच्या. भट्टीतलं जड पाणी आपल्या बंद नळ्यांत फिरतं आणि टर्बाइनला जाते ती साध्या पाण्याची वाफ. त्यामुळे तुमचे बहुतेक दिवस जिथं जाणार, म्हणजे टर्बाइन हॉल, केबल गॅलऱ्या, डिझेल जनरेटर, पंपघर, तिथं परळीपेक्षा फारसं वेगळं जाणवणार नाही. उलट कोळशाची धूळ नाही, शर्ट संध्याकाळपर्यंत पांढरा राहतो. तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांची गोष्ट निराळी, तिथं भट्टीतलीच वाफ थेट टर्बाइनला जाते. आत जाताना छातीला डोसमीटर, म्हणजे अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारं यंत्र, लावायला देतील, तो काढायचा नाही. आईला एवढं सांगितलं तरी बास.

आता चेकलिस्ट. न्या सोबत, पण पहिले दोन दिवस बॅगेतून काढू नका. एक्स्टिंग्विशरची तारीख, होजची स्थिती, हायड्रंटचा दाब, हे सगळं लागतंच. पण ते केंद्रातले लोक दर महिन्याला भरतात आणि चांगलं भरतात. त्यावर तुम्ही परत टिक मारून कुणाचं काय भलं होणार? तुमच्या परळीच्या यादीचा मूळ प्रश्न असतो, आग लागली तर विझेल का. इथं प्रश्न असा विचारायचा: ही खोली आतल्या सगळ्या सामानासकट जळून खाक झाली असं धरून चला, मग भट्टी बंद करता येईल का, थंड ठेवता येईल का, आणि ती कोणत्या अवस्थेत आहे हे कुणाला बघता येईल का? विझवण्याचा विषय त्याच्यानंतर.

हा फरक का पडतो ते आकड्यांत बघा. बॉयलरचा कोळसा तोडला की विषय संपला, तो आपोआप निवत जातो. अणुभट्टी बंद केली तरी इंधनातली उष्णता निघतच राहते. 220 मेगावॅट विजेसाठी भट्टीत साधारण 750 मेगावॅट उष्णता तयार होत असते. बंद केल्या क्षणी तिचे सहा-सात टक्के शिल्लक राहतात, म्हणजे 45 ते 50 मेगावॅट. तासाभरानं दहा-अकरा. दिवसभरानंतरही चारच्या आसपास. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर तासाभरानंतरची ही उष्णता नुसतं पाणी उकळवून काढायची म्हटली तर तासाला 14 हजार लिटर पाणी लागतं. बारा हजारांचा एक टँकर आणि वर थोडं, दर तासाला. दुसऱ्या दिवशीही दोन तासांला एक टँकर चुकत नाही. भट्टीच्या आत तुमच्या नेहमीच्या अर्थानं जळण्यासारखं काही नाही. धोका असतो तो त्या टँकरची वाट अडवणाऱ्या आगीचा.

आणि वाट अडते ती बहुतेक वेळा केबलमुळं.

आपल्या शेतकऱ्याला हे समजवायला पाच मिनिटं लागत नाहीत. एका विहिरीवर दोन मोटारी बसवल्या, एक बंद पडली तर दुसरी आहे म्हणून माणूस निवांत झोपतो. पण दोन्हींची लाइन एकाच डीपीवरून, म्हणजे शेताला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून, येत असेल तर डीपी जळाल्या दिवशी दोन्ही मोटारी धडधाकट असून ऊस वाळतो. अणुवीज केंद्रात प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दुहेरी-तिहेरी असते. पंप दोन, डिझेल जनरेटर दोन-तीन, बॅटऱ्यांचे संच वेगळे. कागदावर बघितलं की छाती फुगते. तुम्ही फक्त डीपी शोधायची, म्हणजे या सगळ्यांच्या केबली कुठं तरी एकाच खोलीतून, एकाच गॅलरीतून जातात का ते बघायचं.

आपल्या देशात हे शिकायला मोठी किंमत मोजावी लागली. 31 मार्च 1993 ला पहाटे साडेतीनच्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. तोल गेलेला रोटर इतका थरथरला की जनरेटरची सील गेली, आतला हायड्रोजन बाहेर आला, वंगणाच्या तेलाचे पाइप तुटले आणि दोन्हींनी पेट घेतला. इथपर्यंत ही कोणत्याही वीज केंद्रात होऊ शकणारी गोष्ट आहे. परळीच्या जनरेटरमध्येही थंडाव्यासाठी हायड्रोजनच असतो, तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं मात्र तिथल्या केबलींच्या मांडणीमुळं झालं. आग केबली वाहून नेणाऱ्या लोखंडी ट्रेंवर चढली. नेहमीचा पुरवठा, डिझेलचा पुरवठा, बॅटऱ्यांचा पुरवठा, या सगळ्यांच्या केबली अशा जवळजवळून गेल्या होत्या आणि मध्ये आगरोधक अडसर नव्हते, की एका आगीनं सगळेच पुरवठे नेले. डिझेल इंजिनं होती, वीज पोचवायला वाट नव्हती. युनिट सतरा तास पूर्ण अंधारात होतं. धूर कंट्रोल रूममध्ये शिरला, माणसांना बाहेर पडावं लागलं.

भट्टी ऑपरेटरनी लगेच बंद केली होती. ती बंदच राहावी म्हणून काही जण हातात टॉर्च घेऊन अंधारात वर चढले आणि साखळी प्रक्रिया रोखणारं बोरॉनचं द्रावण आत सोडणारे व्हॉल्व्ह हातानं उघडले. आणि वाफ तयार करणाऱ्या बॉयलरांत पाणी कुणी घातलं? डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांनी. हे नीट लक्षात ठेवा. आग विझवायला बसवलेल्या पंपांनी त्या दिवशी भट्टी थंड ठेवली, कारण त्यांना बाहेरची वीज लागत नव्हती. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर घटनेला सातपैकी तिसरी पातळी मिळाली. आढाव्यात मी डिझेल फायर पंपापाशी नेहमी जास्त वेळ घालवतो तो यामुळं: त्याची सुरू होण्याची बॅटरी स्वतःची आहे का, टाकीत डिझेल किती, आणि त्याची कंट्रोल केबल कुठून येते. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, इलेक्ट्रिक आणि डिझेल दोन्ही पंपांचे सुरू होण्याचे सिग्नल एकाच पॅनेलमधून, एकाच पाइपातून गेलेले होते. परत तीच डीपी. डिझेल पंप हातानं सुरू करता येत होता म्हणा, पण रात्रपाळीतल्या तिघांपैकी एकालाच तो कसा करायचा ते माहीत होतं.

अमेरिकेत हाच धडा अठरा वर्षं आधी मिळाला होता. ब्राउन्स फेरी, अलाबामा, 22 मार्च 1975. कंट्रोल रूमखालच्या केबल खोलीतून केबली भिंतीपलीकडे जातात त्या भोकातून हवा गळते का, हे दोन कामगार मेणबत्तीच्या ज्योतीनं तपासत होते. गळत होती. ज्योत आत ओढली गेली, भोक बंद करायला, म्हणजे सील म्हणून, कोंबलेल्या फोमनं पेट घेतला. सुमारे सात तास आग चालली, 1600 हून जास्त केबली गेल्या. विजेच्या केबलींवर पाणी नको म्हणून कित्येक तास पाणी मारू दिलं नाही. अखेर मारल्यावर थोड्या वेळात विझली. सील तपासता तपासता सीललाच आग लावली, यावर फायरवाले अजून हसतात, पण 1980 साली अमेरिकेत आलेले कडक नियम या मेणबत्तीचेच आहेत: दुहेरी यंत्रणेच्या केबलींमध्ये तीन तास टिकणारी भिंत, नाहीतर वीस फूट मोकळी जागा आणि मध्ये जळणारं काही नाही, शिवाय आग हेरणारे शोधक आणि आपोआप विझवणारी यंत्रणा, नाहीतर त्याच यंत्रणांसह एक तासाचं आवरण. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचं अणु सुविधांच्या अग्निसुरक्षेचं मानक आहे, 2010 ची सुधारित आवृत्ती. जायच्या आधी ते दोनदा वाचा. तुमच्या शेऱ्यांना आधार तिथला हवा, "आमच्याकडे असं करतात" हा आधार चालत नाही.

तर पद्धत. पोचल्यावर केंद्राकडून आग-धोक्याचं विश्लेषण मागा. त्यात अख्खं केंद्र आगीच्या विभागांत वाटलेलं असतं. प्रत्येक विभागात जळाऊ सामान किती, ठिणगी कशातून पडू शकते, भिंती किती तास टिकतात, आणि मुख्य म्हणजे भट्टी बंद करायला लागणारी कोणती यंत्रं आणि केबली तिथून जातात. सगळे विभाग पाच दिवसांत होत नाहीत, नादी लागू नका. चार-पाच निवडा. कंट्रोल रूमखालची केबल पसरवायची खोली, दोन यंत्रणांच्या केबली जवळ येतात ती गॅलरी, टर्बाइन हॉलची तेलाच्या टाकीकडची बाजू, एक डिझेल जनरेटरची खोली, आणि पाण्याचं पंपघर. मग त्यातल्या एका खोलीतल्या यंत्रणेच्या दोन केबली केबल शेड्यूलमधून, म्हणजे कोणती केबल कुठून कुठं जाते त्या यादीतून, उचला आणि नंबर टॅग बघत बघत टोकापर्यंत चाला. ट्रेवर चढावं लागेल, कोपरे खरचटतील. कागदावर पूर्वेच्या भिंतीवरून जाणारी केबल प्रत्यक्षात पश्चिमेला निघाली तर त्या एका शोधासाठी तुमचे पाचही दिवस वसूल.

चालताना केबल तुटण्याचाच विचार करू नका. जळताना केबलच्या आतल्या तारा एकमेकींना चिकटतात आणि कुणी बटण न दाबता व्हॉल्व्ह उघडतो किंवा पंप बंद पडतो. नियंत्रण विभागाच्या माणसाला सरळ विचारा: या ट्रेमधल्या केबलींनी असा खोटा हुकूम दिला तर सगळ्यात वाईट काय होईल? ज्याला उत्तर तोंडपाठ आहे, तिथं विश्लेषण खरंच केलेलं आहे. जो "तसं होत नाही साहेब" म्हणतो, तिथं थांबा.

भिंतीतली भोकं म्हणजे माझा आवडता विषय. नवीन केंद्र सुरू होतं तेव्हा प्रत्येक भोकाचं सील व्यवस्थित असतं. मग वीस वर्षांत कॅमेरे येतात, संगणक येतात, फायबर येतं. प्रत्येक वेळी कंत्राटदाराचा पोरगा सील फोडून केबल ओढतो आणि काम झाल्यावर जे हाताला लागेल ते कोंबतो. वरून एकदम छान दिसतं. मी असं करतो: एका माणसाला पलीकडच्या खोलीत मोठी बॅटरी घेऊन उभा करतो, अलीकडचे दिवे घालवायला लावतो आणि भिंतीकडं बघत राहतो. एका जुन्या प्रकल्पात असे दिवे घालवले तर भिंतीवर तारे दिसायला लागले. मोजून अकरा. त्यातल्या एका भोकात बोट घातलं तर पिवळ्या रंगाच्या सीलखाली सिमेंटच्या पोत्याचा कागद निघाला, घडी घालून नीट बसवलेला. वर रंग मारलेला. रजिस्टरमध्ये त्या सीलपुढं सहा महिन्यांपूर्वीची सही होती. सही करणाऱ्याला मी दोष देत नाही. खालून, दहा फुटांवरून, दिव्याच्या उजेडात ते सीलच दिसत होतं.

कंट्रोल रूम सोडायची वेळ आली तर जायला पर्यायी नियंत्रण कक्ष असतो. तो दाखवतील, चकाचक असेल. तिथं न थांबता उलटं जा. मुख्य कंट्रोल रूमपासून तिथपर्यंत स्वतः चालत जा, घड्याळ लावून. वाटेत कोणता दरवाजा, त्याला किल्ली लागते का, धूर त्याच जिन्यात भरणार नाही ना, आणि त्या वाटेवरच्या आणीबाणीच्या दिव्यांच्या बॅटऱ्या शेवटी कधी पूर्ण उतरवून बघितल्या? मग विचारा, मुख्य कंट्रोल रूमच्या जळालेल्या वायरी या कक्षातल्या स्विचला त्रास देणार नाहीत म्हणून त्यांची जोडणी तोडायची सोय कुठं केली आहे? श्वासाचे सिलिंडरही बघा. सहा लिटरच्या, 300 बारच्या बाटलीत 1800 लिटर हवा मावते. शांत चालणाऱ्याला ती पाऊण तास पुरते, जिने चढून धापा टाकणाऱ्याला अर्धा तासही पुरत नाही. आणीबाणीच्या पुस्तिकेत "ऑपरेटर वर जाऊन व्हॉल्व्ह उघडेल" असं एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीचे जिने मोजा.

पाण्याबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको. परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं ते 2015 आणि लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते 2016 आपण सगळ्यांनी बघितलंय. तशाच एका दुष्काळी उन्हाळ्यात मी आपल्याच भागातल्या एका कारखान्यात तपासणीला गेलो होतो. आगीची टाकी काठोकाठ असल्याची नोंद. पंप लावायला सांगितला. फिटर म्हणाला, "साहेब, पंप तर फिरायलाय, पण पाणी येईना." वर चढून झाकण काढलं तर तळाला वीतभर चिखल. पिण्याच्या पाण्याची जोडणी टाकीच्या तळातूनच घेतलेली, कँटीन आणि बागेनं तीन आठवड्यांत टाकी पिऊन टाकली होती. साधा उपाय असतो: वापराच्या पाण्याचा नळ टाकीच्या वरच्या भागात, म्हणजे पातळी त्याच्या खाली गेली की वापर आपोआप बंद आणि आगीचा साठा शाबूत. अणुवीज केंद्रात इतका बेजबाबदारपणा सापडणार नाही, पण त्या नळाची उंची डोळ्यांनी बघून या. पातळी दाखवणाऱ्या काट्यावर माझा तेव्हापासून विश्वास उरला नाही.

नरोऱ्याच्या त्याच वर्षी, 30 सप्टेंबरला, पहाटे चारच्या आत किल्लारी झालं. आमचं गाव लांब, पण घरातल्या उतरंडी कोसळल्या. त्यानंतर भूकंप आणि आग या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत. जपानच्या काशिवाझाकी-कारिवा केंद्रात 16 जुलै 2007 च्या भूकंपात एका ट्रान्सफॉर्मरला आग लागली. विझवायला माणसं गेली तर जमीन खचून आगीच्या पाण्याचे जमिनीखालचे पाइप फुटलेले. सुमारे दोन तास ट्रान्सफॉर्मर जळत राहिला आणि सगळं जग टीव्हीवर बघत होतं. भट्टीला काही झालं नाही, कारण ती भूकंपासाठी बांधली होती. पाइप त्या तोडीचे नव्हते. तुम्ही विचारायचं ते एवढंच: ज्या पाण्याच्या लाइनवर सुरक्षा यंत्रणांची भिस्त आहे ती भूकंपाला टिकेल अशी आहे का, आणि रिंगमेनचा, म्हणजे केंद्राभोवती फिरणाऱ्या आगीच्या पाण्याच्या मुख्य पाइपाचा, एक तुकडा फुटला तर तो तोडून बाकीची चालू ठेवणारे व्हॉल्व्ह जमिनीवरून सापडतात का? एका ठिकाणी मातीखाली गेलेला व्हॉल्व्हचा खड्डा शोधायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली होती, तेही दिवसा.

काही गोष्टी परळीत दिसणार नाहीत, त्या पटकन सांगतो. हवा गाळायच्या कोळशाच्या फिल्टरना तापमान बघणारी यंत्रणा हवी, हा कोळसा आतून पेटू शकतो. हवेच्या वाहिनीतले फायर डॅम्पर, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून मिटणारी झाकणं, बंद झाले की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवण्याची व्यवस्था बिघडते, तेव्हा कोणता डॅम्पर कुणाच्या हुकमानं बंद होतो ते लिहिलेलं पाहिजे. उष्णतेनं वितळून डॅम्पर मिटवणाऱ्या दुव्यावर रंग मारलेला नाही ना तेही बघा, रंगारी कुणालाच विचारत नसतो. आग विझवलेलं पाणी जिथं किरणोत्सर्गी घाण असेल तिथून थेट पावसाच्या गटारात जाता कामा नये, अडवून मोजूनच सोडायचं. नव्या इंधनाच्या गोदामात पाणी मारावं का, हे केंद्रागणिक बदलतं: नैसर्गिक युरेनियम साध्या पाण्यात साखळी प्रक्रिया धरत नाही, समृद्ध युरेनियमला तो विचार करावा लागतो. आणि कधी कल्पाक्कमला सोडियमच्या भट्टीकडे गेलात तर पाण्याचा होज विसरा, सोडियमवर पाणी म्हणजे स्फोटच.

माणसांकडे मात्र परळीसारखंच बघा. शटडाऊनच्या काळात गेलात तर नशीबवान, तेव्हाच लाकडी फळ्या, प्लॅस्टिकचे कागद, वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्या केबलखाली सापडतात. वेल्डिंगच्या परमिटवरच्या फायर वॉचरला, म्हणजे ठिणग्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला, गाठा आणि काम संपल्यावर तो किती वेळ थांबतो ते त्यालाच विचारा, सुपरवायझरला नको. ड्रिल बघायची तर न सांगता, रात्रपाळीत. बाहेरचा बंब गेटवर सुरक्षा तपासणीत किती मिनिटं अडकतो ते मोजा. आगीच्या पॅनेलवर "डिसेबल्ड", म्हणजे बंद, करून ठेवलेले डिटेक्टर किती आणि किती दिवसांपासून, त्याची प्रिंट घ्या. मला सगळ्यात जास्त माहिती त्या एका कागदानं दिलेली आहे.

अहवालात "सुधारणेस वाव आहे" हे वाक्य लिहू नका. कोणती खोली, कोणता ट्रे, कोणत्या दोन केबली, मध्ये किती अंतर, त्या दोन्ही गेल्या तर काय उरतं, असं लिहा. केंद्राचे लोक वाद घालतील, घालू द्या; जो वाद घालतो त्याला आपलं केंद्र माहीत असतं, आणि निम्म्या वेळा तोच बरोबर निघतो.

मोबाइल बहुधा गेटवरच ठेवून घेतील, फोटो काढता येणार नाहीत. म्हणून एक बॅटरी, दाढीचा छोटा आरसा आणि वही आत नेता येईल का ते आधी विचारून ठेवा. आरसा ट्रेच्या वरची बाजू बघायला. वही रेघांची घेऊ नका, चौकटीची घ्या, ट्रेचं चित्र काढायला सोपं जातं.